इनपुट आणि आउटपुट रेझिस्टन्स घरच्या घरी कसा मोजायचा? (तुणतुण्याचा प्रीअँप)

गोंधळ्याचा_भाचा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझे मामा गोंधळ घालतात. जागरणाच्या सुपाऱ्या असतात, गावोगाव जाणं असतं. हल्ली साउंडवाला गाणाऱ्याला माइक देतो, संबळासमोर एक ठेवतो, पण तुणतुण्याला कुणी विचारत नाही. म्हणून बझरमध्ये असते ती २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती आणली, तुणतुण्याच्या लाकडाला आतून चिकटवली आणि एका ट्रान्झिस्टरचा प्रीअँप (बारीक सिग्नल मोठा करणारं छोटं सर्किट) केला.

बीसी ५४७, ९ व्होल्टची बॅटरी. बेसला वरून ४७ के (के म्हणजे हजार ओहम), खाली १० के. कलेक्टरला ४.७ के. एमिटरला १ के आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड. इनपुटला १ मायक्रोचा कपॅसिटर, आउटपुटला १० मायक्रोचा.

आवाज मोठा येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाभा गेलाय. तार छेडली की नुसतं टिक्-टिक् ऐकू येतं. मामांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हे तर डासाचं तुणतुणं झालं रे."

एकाने सांगितलं की इनपुट रेझिस्टन्स (सिग्नलला सर्किटच्या आत बघताना दिसतो तो) कमी असणार, मोजून बघ. मोजायला गेलो. मल्टिमीटर २ मेगाच्या रेंजवर ठेवला, एक प्रोब इनपुटला आणि दुसरा ग्राउंडला. आकडा वर वर सरकत गेला आणि शेवटी डावीकडे नुसता '१' उरला. म्हणजे रेंजच्या बाहेर! आउटपुटलाही तेच. मग कमी आहे कुठे? माझं काय चुकतंय?

---

खटपट्या (सोमवार, रात्री १०:०५)

तुम्ही कपॅसिटर मोजलात. ओहमच्या रेंजवर मीटर डीसी सोडतो आणि तुमचा १ मायक्रो डीसीला आत येऊ देत नाही. आकडा सरकत होता तो कपॅसिटर चार्ज होताना. भरला, करंट थांबला, मीटरने हात वर केले.

कपॅसिटर काढून मोजाल तरी उपयोग नाही, मीटरचा स्वतःचा करंट बेसमध्ये शिरून बायस (ट्रान्झिस्टरची ठरवून दिलेली डीसी बैठक) हलवेल. आणि बॅटरी काढून मोजलंत तर ट्रान्झिस्टर झोपलेला. गाडी स्टँडवर लावून अ‍ॅव्हरेज काढण्यासारखं आहे ते. सर्किट चालू हवं, सिग्नल जात असायला हवा, तेव्हाच तो रेझिस्टन्स अस्तित्वात असतो.

---

चहाटळ (सोमवार, रात्री १०:१२)

मराठी संस्थळावर "इनपुट रेझिस्टन्स"? आदान रोध म्हणा, निर्गम रोध म्हणा! :)

---

खटपट्या (सोमवार, रात्री १०:१४)

दुकानात जाऊन "दादा, चार दशांश सात किलोओहमचा रोधक द्या" असं म्हणून बघा आणि काय मिळतं ते इथे कळवा.

---

लॅबमास्तर (मंगळवार, सकाळी ७:१५)

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये हा प्रयोग मी तीस वर्षं मांडला आणि आवरला, तेव्हा जरा लांबण लावतो.

आधी कागदावर. तुझ्या बेसवर साधारण १.५८ व्होल्ट, एमिटरवर ०.९, म्हणजे करंट ०.९ मिलिअँप. २६ मिलिव्होल्टला ०.९ ने भाग, एमिटरचा आतला रेझिस्टन्स सुमारे २९ ओहम. ट्रान्झिस्टरचा एचएफई (बेसचा करंट कलेक्टरला कितीपट होतो तो आकडा) ३०० धर. एमिटरला बायपास कपॅसिटर असल्यामुळे बेसमधून आत बघताना ३०० गुणिले २९, म्हणजे ८.७ के दिसतात. त्याला समांतर ४७ के आणि १० के, त्या दोघांचे मिळून सव्वाआठ. एकूण इनपुट ४.२ के.

आता पिझो. ती चकती म्हणजे विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर, २७ मिलिमीटरची असेल तर २० नॅनोफॅरडच्या आसपास. २० नॅनो आणि ४.२ के यांचा कटऑफ येतो १.९ किलोहर्ट्झला. त्याच्या खालचं सगळं उतरत जातं. तुणतुण्याचा मूळ सूर त्याच्या कितीतरी खाली. तो गेला, वरची किणकिण राहिली. मामांचा कान बरोबर आहे.

हे झालं हिशोबाचं. पण एचएफई ३०० आहे की १८० हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, म्हणून मोजायचं. रीत अशी: सिग्नल आणि इनपुट यांच्या मध्ये मालिकेत एक माहितीचा रेझिस्टर टाक, समजा ४.७ के. आधी त्याच्यावर एक वायर टाकून तो शॉर्ट ठेव, आणि आउटपुटचं रीडिंग घे. ते 'अ'. मग वायर काढ, पुन्हा आउटपुटचंच रीडिंग. ते 'ब'.

इनपुट रेझिस्टन्स = ४.७ के × ब ÷ (अ − ब)

रेझिस्टरच्या दोन टोकांवर मोजायला पुस्तकात सांगतात, पण तिथे दोन-तीन मिलिव्होल्ट असतात आणि मीटर टेकवला की तोही सर्किटचा भाग होतो. आउटपुटला तोच सिग्नल दीडशेपट मोठा मिळतो, मग तिथेच मोजावं. गेन किती याच्याशी कर्तव्य नाही, दोन्ही वेळा तोच असतो.

आउटपुटसाठी सिग्नल तसाच ठेवायचा. आधी उघडं आउटपुट मोज ('अ'), मग ४.७ के ग्राउंडला लावून मोज ('ब').

आउटपुट रेझिस्टन्स = ४.७ के × (अ − ब) ÷ ब

सूत्र पहिल्याच्या उलट आहे, मुलं नेमकी इथेच गोंधळतात. (तुमच्या घरच्या गोंधळाबद्दल म्हणत नाही.)

---

अर्धशून्य (मंगळवार, सकाळी ९:३०)

मास्तरांच्या दुसऱ्या रीतीमागे थेवेनिनचं प्रमेय आहे: सर्किट बाहेरून बघताना एक व्होल्टेज आणि त्याच्या मालिकेत एक रेझिस्टन्स असं धरता येतं. फ्रेंच तारखात्यातला इंजिनियर, १८८३ साली त्याने हे मांडलं. खरं तर हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच मांडलं होतं, पण नाव थेवेनिनचं लागलं.

---

लॅबमास्तर (मंगळवार, सकाळी ९:५०)

आमच्याकडे वायव्हात थेवेनिन इतक्यांदा विचारला गेला आहे की तो घरचाच वाटतो.

---

गोंधळ्याचा_भाचा (मंगळवार, दुपारी १:२०)

सर, खूप आभार. पण माझ्याकडे सीआरओ (वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही, फंक्शन जनरेटर नाही. मीटर तो पिवळा, एसीला २०० आणि ७५० अशा दोनच रेंज. त्यावर मिलिव्होल्ट काय दिसणार? मोबाइल आहे आणि एक जुना डेस्कटॉप आहे.

---

खटपट्या (मंगळवार, दुपारी १:४५)

डेस्कटॉपला मागे निळं सॉकेट आहे का? तो लाइन-इन. मग तुमच्याकडे सगळं आहे.

मास्तरांची सूत्रं नीट बघा. अ आणि ब दोन्ही एकाच एककात असले की झालं, व्होल्टच असायला हवेत असं नाही. आपल्याला गुणोत्तर हवंय. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डेसिबलची पट्टी असते, ती पुरे. फरक डेसिबलमध्ये घ्या, २० ने भागा, दहाचा तितका उणे घात काढा, गुणोत्तर मिळालं. ६ डेसिबल म्हणजे अर्धं, हे तोंडपाठ असू द्या.

सिग्नलसाठी मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप. पण मोबाइल सरळ बेसला लावू नका. त्याचे ३०० मिलिव्होल्ट तुमच्या सर्किटला फार होतात. १० के आणि १०० ओहमचं डिव्हायडर करा, मोबाइलचे ३०० आत ३ होतील. बेसवर १० मिलिव्होल्टचं शिखर गेलं की वेव्हचा आकारच दहा टक्क्यांपर्यंत बिघडतो, आणि वाकड्या वेव्हवर मोजलेला आकडाही वाकडा.

दोन पथ्यं. रेकॉर्डिंगमध्ये ऑटोमॅटिक लेव्हल किंवा आवाज स्वच्छ करणारं काही चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर तुम्ही सिग्नल कमी कराल आणि तो बिचारा प्रेमाने परत वाढवून देईल. आणि गुलाबी सॉकेट वापरू नका, तो माइकचा. त्यात माइकसाठी डीसी सोडलेला असतो.

---

गोंधळ्याचा_भाचा (बुधवार, रात्री ११:१०)

केलं! १ किलोहर्ट्झ. ४.७ के शॉर्ट असताना पट्टी −१२.० वर. शॉर्ट काढला की −१८.५.

फरक ६.५ डेसिबल, गुणोत्तर ०.४७३. इनपुट = ४.७ × ०.४७३ ÷ ०.५२७ = ४.२ के. सर, तुमचा कागदावरचा आकडा जसाच्या तसा आला. मी दोनदा काढून बघितलं.

पण आउटपुट फसलं. उघडं −१२.०, ४.७ के लावल्यावर −१६.४. गुणोत्तर ०.६०३, म्हणजे आउटपुट रेझिस्टन्स ३.१ के. कलेक्टरचा रेझिस्टर तर ४.७ के आहे, आउटपुट त्याच्या जवळपास यायला हवं ना? रेझिस्टर बदलून पाहिला, तेच.

---

अर्धशून्य (बुधवार, रात्री ११:३२)

इनपुटच्या ४.२ मध्ये तुमच्या डिव्हायडरचे १०० ओहम आहेत. ते मालिकेतच बसतात. खरा आकडा ४.१.

---

चहाटळ (बुधवार, रात्री ११:३५)

आला, आला, ०.१ वाला आला.

---

वीजवेडी (गुरुवार, सकाळी ८:०५)

अर्धशून्य यांचं बरोबर आहे, हसू नका. इथे शंभर ओहमने बिघडत नाही, पण इनपुटच लहान असेल तर बिघडतं.

भाचेसाहेब, तुमचं आउटपुट उघडं नव्हतंच. डेस्कटॉप लागलेला होता. लाइन-इनचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स असतो, बहुधा १० के किंवा त्याच्या वर. इनपुट मोजताना तो दोन्ही रीडिंगला सारखाच लागलेला होता म्हणून त्याचा त्रास झाला नाही. आउटपुट मोजताना मात्र तुम्ही 'सर्किट आणि डेस्कटॉप' अशा जोडगोळीचा रेझिस्टन्स मोजलात.

आधी मोजणाऱ्यालाच मोजा. मोबाइल सरळ लाइन-इनला जोडा, मध्ये १० के टाका आणि काढा. कितीने उतरतं ते सांगा.

---

गोंधळ्याचा_भाचा (गुरुवार, रात्री ९:००)

बरोबर ६ डेसिबल. कधी ६.१. म्हणजे लाइन-इन १० के!

---

वीजवेडी (गुरुवार, रात्री ९:२०)

आता तुमच्या ३.१ के मधून समांतर असलेले १० के बाजूला काढा. १ ÷ ३.१ म्हणजे ०.३२३, त्यातून ०.१ वजा, उरले ०.२२३, उलटा केला की ४.५ के. कलेक्टरचे ४.७ आणि त्याला समांतर ट्रान्झिस्टरचा स्वतःचा शंभरेक के. जुळलं की नाही?

---

गोंधळ्याचा_भाचा (गुरुवार, रात्री ९:२४)

ताई, अंगावर काटा आला. खरंच.

---

लॅबमास्तर (शुक्रवार, सकाळी ७:००)

वीजवेडी यांनी दुखरी नस पकडली. एक जुनी गोष्ट सांगतो, कॉलेजचं नाव नको.

कॉमन बेसचा (सिग्नल बेसऐवजी एमिटरला देतात ती जोडणी) प्रयोग होता. त्याचा इनपुट रेझिस्टन्स तीस ओहमच्या आतबाहेर असतो, म्हणूनच तो प्रयोग लावतात, मुलांना फरक दिसावा म्हणून. वर्षानुवर्षं प्रत्येक जर्नलमध्ये उत्तर होतं ६३०. मास्तर लोक सही करत होते. मी नवा होतो, मीही चार वर्षं ते आकडे बघितले. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, हिशोबाने तीस येतात आणि मोजून सहाशे तीस. हे वरचे सहाशे कुणाचे?" मी टेबलाशी गेलो. सिग्नल जनरेटरच्या सॉकेटखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: ६०० ओहम.

जनरेटरचा नॉबवरचा आकडा सगळे 'अ' धरत होते. जनरेटरच्या आत सहाशे ओहम बसले आहेत हे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा. त्या दिवशी जनरेटरच्या पुढे ५०० ओहम आणि ५ ओहमचं डिव्हायडर लावलं आणि तीसच्या आसपास आकडा आला. पुढच्या वर्षी मुलांनी जुनी जर्नलं बघून पुन्हा ६३० लिहिले, ती गोष्ट वेगळी.

अर्ध्यावर आणायच्या रीतीबद्दलही सांगून ठेवतो. मालिकेत पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावायचा, आउटपुट निम्मं होईपर्यंत फिरवायचा, मग पॉट काढून मीटरवर मोजायचा. हिशोबच नको. सुंदर रीत आहे, पण वाटेत कपॅसिटर जागा असेल तर फसवते. कपॅसिटरचा रोध आणि रेझिस्टन्स यांची साधी बेरीज होत नाही, काटकोनात होते. तुझा १ मायक्रो १ किलोहर्ट्झला १५९ ओहम दाखवतो, ४.२ के पुढे तो दिसणारही नाही. तिथे १० नॅनो असता तर १६ के झाले असते आणि तू निम्म्यावर आणलेला आकडा भलत्याचाच असता. शंका आली तर फ्रीक्वेन्सी दुप्पट करून पुन्हा मोज. उत्तर हललं तर समज की तू नुसता रेझिस्टन्स मोजत नाहीस.

---

रेडिओवेडा७० (शुक्रवार, सकाळी १०:४०)

पॉवर अँपच्या आउटपुटलाही हीच रीत चालेल ना? ४.७ के च्या जागी ८ ओहम लावून?

---

खटपट्या (शुक्रवार, सकाळी ११:१५)

चालेल, पण रेझिस्टर पाव वॅटचा लावू नका, धूर येईल. १० वॅटचा पांढरा सिरॅमिकवाला घ्या आणि लेव्हल कमी ठेवा. फरक फार थोडा दिसेल, कारण चांगल्या अँपचा आउटपुट रेझिस्टन्स ओहमच्या दशांशात असतो. ८ ला त्याने भागलं की डॅम्पिंग फॅक्टर.

आणि कुठलंही आउटपुट शॉर्ट करून मोजायच्या भानगडीत पडू नका. कागदावर सोपं वाटतं, ट्रान्झिस्टर जातो.

---

गोंधळ्याचा_भाचा (शनिवार, दुपारी ४:३०)

मोजून झालं, पण मूळ दुखणं तसंच आहे. इनपुट वाढवायचा कसा? एमिटरचा १०० मायक्रो काढून बघितला. बेसमधून तीनशे के दिसायला हवेत, तरी मोजून आठ केच आले.

---

वीजवेडी (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

बेस वाढला, पण ४७ आणि १० के कुठे गेले? त्यांचे सव्वाआठ के समांतर आहेतच. दार कितीही भक्कम केलं तरी खिडकी उघडी आहे.

मुळात मला एक विचारायचं आहे. तुम्हाला दीडशेपट गेन हवाच कशाला? पिझोवर नखाने टिचकी मारली तरी व्होल्टच्या घरात उसळी येते. तार छेडल्यावरही काही शे मिलिव्होल्ट मिळतील, फक्त त्याला कुणी ओढायला नको. ४.२ के त्याला ओढत होते, त्यातून जे उरलं ते तुम्ही दीडशेपट केलंत. तुम्हाला अँप नको, बफर (सिग्नल न वाढवता, न ओढता पुढे देणारं सर्किट) हवा. एक जेफेट (गेटमध्ये जवळजवळ करंटच न घेणारा ट्रान्झिस्टर) घ्या, गेटवर २.२ मेगा, सोर्सवर २.२ के, आउटपुट सोर्सवरून. २० नॅनो आणि २.२ मेगा यांचा कटऑफ साडेतीन हर्ट्झला येतो. तुणतुणं तिथे जात नाही.

जुन्या सर्किटचा पुरावा हवा असेल तर अजून एक गंमत करा. मालिकेत रेझिस्टरऐवजी २२ नॅनोचा कपॅसिटर लावा आणि मोबाइलची फ्रीक्वेन्सी खाली आणत जा. वरच्या पातळीपेक्षा ३ डेसिबल जिथे उतरेल ती फ्रीक्वेन्सी सांगा. मी आधीच लिहून ठेवते: १.७५ किलोहर्ट्झ.

---

गोंधळ्याचा_भाचा (रविवार, सकाळी ११:००)

१.७ आणि १.८ च्या मध्ये. ताई, तुम्ही ज्योतिष बघता का?

---

गोंधळ्याचा_भाचा (मंगळवार, रात्री १०:२०)

बीएफ २४५ए मिळाला. दुकानदाराने आधी भलताच दिला होता, पायांवरून ओळखला. वीजवेडी ताईंनी सांगितलं तसं सर्किट केलं. इनपुट मोजायला १ मेगा मालिकेत टाकला, मोबाइल सरळ, डिव्हायडरशिवाय.

१ किलोहर्ट्झला ३.५ डेसिबल उतरतं, म्हणजे २.० मेगा. ठीक आहे. पण सरांनी सांगितल्याप्रमाणे फ्रीक्वेन्सी वाढवली, ५ किलोहर्ट्झला ७.५ डेसिबल उतरतं, म्हणजे जेमतेम ०.७३ मेगा! गेटवर तर २.२ लावलाय. जेफेट नकली का?

---

वीजवेडी (बुधवार, सकाळी ८:१५)

जेफेटला बोल लावू नका. १ मेगा कुठे जोडलाय? मोबाइलकडच्या टोकाला आणि मग वायर?

---

गोंधळ्याचा_भाचा (बुधवार, सकाळी ८:४०)

हो. रेझिस्टर मोबाइलच्या पिनला सोल्डर केलाय, तिथून अर्धा मीटर शिल्डवाली वायर गेटपर्यंत.

---

वीजवेडी (बुधवार, सकाळी ९:००)

मग ती वायर मोजलीत तुम्ही. शिल्डवाल्या वायरची मधली तार आणि जाळी यांच्यात मीटरमागे शंभरेक पिकोफॅरड असतात. तुमचे आकडे उलटे सोडवले तर ६० पिकोच्या आसपास येतात, अर्ध्या मीटरला शोभेलसे. ६० पिकोचा रोध १ किलोहर्ट्झला २.६५ मेगा, ५ ला त्याचा पाचवा भाग. मेगाच्या घरात गेलं की पिकोसुद्धा हिशोबात येतात.

१ मेगा गेटच्या पायालाच सोल्डर करा, वायर त्याच्या अलीकडे. आणि फ्रीक्वेन्सी खाली आणा, १३० हर्ट्झ घ्या. १०० नको, विजेची घरघर ५० आणि १०० लाच बसलेली असते, ती तुमच्या रीडिंगमध्ये मिसळेल. बोर्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा ग्राउंडला.

मात्र प्रत्यक्ष वापरात ही वायर तुम्हाला बाधणार नाही. तिथे समोर १ मेगा नाही, २० नॅनोची पिझो आहे. २० नॅनोपुढे ६० पिको म्हणजे दर्यात खसखस. हा त्रास फक्त मोजण्यापुरता.

---

चहाटळ (बुधवार, सकाळी ९:२०)

बिस्किटं आधी संपवावीत की नंतर?

---

गोंधळ्याचा_भाचा (गुरुवार, रात्री ८:५०)

(बिस्किटं संपवली.)

१३० हर्ट्झला ३.२ आणि ३.३ च्या मध्ये पट्टी थांबते. २.१६ ते २.२५ मेगा. डब्याचं झाकण उघडलं की पट्टी नाचायला लागते, हात जवळ नेला तरी नाचते. झाकण लावलं की स्थिर.

आउटपुट: १ के लावला की ३.४ डेसिबल उतरतं, त्यावरून ४७९. डेस्कटॉपचे १० के वजा केले, ५०३ ओहम. या वेळी वजा करायला विसरलो नाही. हे मात्र १ किलोहर्ट्झलाच मोजलं, कारण १३० ला बाहेरचा १० मायक्रो स्वतःच १२२ ओहमचा असतो. बरोबर ना सर?

---

लॅबमास्तर (शुक्रवार, सकाळी ६:५०)

बरोबर. जर्नल आण, सही करतो.

---

अर्धशून्य (शुक्रवार, सकाळी ९:४०)

५०० ओहम मिक्सरच्या १० के वर गेले तर अर्धा डेसिबलही जात नाही. आधीच्या सर्किटचे ४.५ के असते तर तिथेच ३.२ गेले असते.

---

खटपट्या (शुक्रवार, सकाळी १०:३०)

एक दुरुस्ती कार्यक्रमाआधी करून घ्या. तुमच्या सोर्सवर जेमतेम सव्वा व्होल्ट आहे, जोरात छेडलं तर खालची बाजू कापली जाईल. दोन १०० के ने बॅटरीचा मध्य काढा, त्या मध्यावर १० मायक्रो ग्राउंडला, आणि २.२ मेगाचं खालचं टोक ग्राउंडऐवजी त्या मध्याला. सोर्सला २.२ च्या जागी ४.७ के. पिझोकडून आत १०० नॅनोचा कपॅसिटर. डिव्हायडर सरळ गेटला जोडू नका, नाहीतर पुन्हा ५० के होऊन बसतील आणि आपण सगळे पहिल्या पानावर.

करंट एक मिलिअँपच्या आसपास जाईल. बॅटरी चिक्कार टिकेल, पण स्विच लावा, बंद करायला विसरू नका.

---

गोंधळ्याचा_भाचा (रविवार, दुपारी १:००)

काल रात्री जागरण होतं. खटपट्यांची दुरुस्ती करून नेलं होतं, बदलल्यावर पुन्हा मोजलं, इनपुट तिथेच आहे. साउंडवाल्याने वायर हातात घेऊन विचारलं, "हे काय, माइक?" मी म्हटलं लाइनमध्ये लावा, गेन शून्यापासून वाढवा. त्याने सवयीने वरच ठेवला होता. मामांनी सुरात लावायला तार पिळली तेवढ्यात अख्खा मांडव दचकला.

मग खाली आणला. गण सुरू झाला आणि तुणतुणं ऐकू आलं. लाकडाचा घुमारा, तारेची ती किंचित घासट, सगळं. मागे चुलीशी बसलेल्या बायकांपर्यंत. मामा मध्येच थांबून माझ्याकडे बघून हसले, बोलले काही नाहीत, कारण लगेच पुढची ओळ होती.

एक अडचण झाली आहे. संबळवाले काका आज सकाळी घरी आले, म्हणतात मलाही अशी चकती लावून दे.

---

वीजवेडी (रविवार, दुपारी १:३०)

संबळाला अजिबात सरळ लावू नका! काठीच्या टिपऱ्याने पिझोवर किती व्होल्ट येतील ते आधी मोजा. गेटला दोन्ही बाजूंनी डायोड हवेत. वेगळा धागा काढा.

---

लॅबमास्तर (रविवार, दुपारी १:४१)

आणि त्या धाग्यात पहिल्या प्रतिसादातच काकांना सांग की बिस्किटांचा डबा त्यांनी आणायचा.